सगळं नवीन, सगळं बसलं, तरी डिस्प्ले येत नाही

दर महिन्याला एक तरी फोन येतो आणि तक्रार ठरलेली असते. "कॉम्प्युटरचे सगळे पार्ट आणले, नीट जोडले, बटण दाबलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. मदरबोर्ड उडालाय का?"

बहुतेक वेळा बोर्ड उडालेला नसतो. रॅम चांगली असते, प्रोसेसरही ठणठणीत असतो, फक्त त्यांचं एकमेकांशी जमत नसतं. हात राखून खर्च करणाऱ्याला हा त्रास जास्त होतो, कारण त्याचा प्रत्येक पार्ट वेगळ्या काळातला असतो. बोर्ड वापरलेला, प्रोसेसर मागच्या पिढीतला, रॅम कुणाच्या तरी बंद पडलेल्या मशीनमधली, सगळ्यांना वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, घरात पडून असलेला. प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला आणि रॅम स्लॉटमध्ये बसली की आपण धरून चालतो, जुळलं. पण कंपन्या बाहेरचा आकार तसाच ठेवतात आणि आतलं बदलतात. बसलेलं चालेलच असं नाही, आणि डिस्प्ले न येण्याची निम्मी कारणं इथेच सापडतात.

आधी फुकटातल्या गोष्टी उरकून घ्या. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावली आहे की चुकून बोर्डाच्या मागच्या पोर्टात? बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या विजेचा आठ पिनांचा कनेक्टर असतो, तो लावला आहे का? चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर सगळे लावतात आणि हा विसरतात. तो नसला तरी पंखे फिरतात, म्हणून संशय येत नाही. रॅम दोन्ही टोकांना 'खट्' आवाज येईपर्यंत दाबली का? काही बोर्डांवर एकाच बाजूला हलणारी कडी असते, तिथे दुसरं टोक अर्धवट राहतं. खोडरबराने रॅमचे संपर्क घासायचा जुना उपाय जुन्या रॅमला कधी लागू पडतो, पण नव्या रॅमवर रबर घासत बसू नका. आणि रॅम डीडीआर५ या नव्या प्रकारची असेल तर पहिल्यांदा चालू करताना थोडा धीर धरा. बोर्ड आधी रॅमशी जुळवून घेतो, त्यात काही मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. तिसऱ्या मिनिटाला घाबरून स्विच बंद केला की ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

एवढं करूनही काही नाही, तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम आणि एसएमपीएस, बस. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तरच कार्ड लावा. पॉवर बटणाच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की मशीन चालू होतं. खोक्यावर चाललं आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर बोर्ड ज्यांवर टेकतो त्या पितळी खुंट्यांकडे, म्हणजे स्टँडऑफकडे बघा. मी स्वतः यात दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. कॅबिनेट मोठं होतं, बोर्ड मायक्रो एटीएक्स, म्हणजे जास्तीत जास्त २४४ बाय २४४ मिलिमीटरचा. मोठ्या बोर्डासाठी आधीच लावलेला एक स्टँडऑफ मी काढायचा विसरलो आणि तो बोर्डाच्या पाठीमागच्या डाखांना टेकून शॉर्ट करत होता. तेवढ्यात मी रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, बोर्डाला शिव्या दिल्या. चूक माझी होती.

आता बोर्डावरचे दिवे बघा. बऱ्याच बोर्डांवर एका कडेला चार बारीक एलईडी असतात आणि शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं, म्हणजे प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क. चालू होताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहतो, गाडी तिथे अडली आहे. स्वस्त बोर्डावर हे दिवे नसतील तर स्पीकरच्या पिनांवर एक छोटा बझर लावा. बीपचे अर्थ बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये असतात.

सीपीयूचा दिवा अडला असेल तर आठ पिनांच्या कनेक्टरनंतर माझा पहिला संशय बायोसवर असतो. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बोर्डावरच्या चिपमध्ये जे बायोस असतं, त्यात कोणकोणते प्रोसेसर ओळखायचे याची माहिती असते. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा जो प्रोसेसर बाजारात आलाच नव्हता, त्याला तो कसा ओळखणार? एएमडीचं एएम४ सॉकेट याचं उत्तम उदाहरण. बी४५० चिपसेटचे (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) बोर्ड २०१८ साली आले, रायझन ५००० मालिका नोव्हेंबर २०२० मध्ये. सॉकेट तेच, पिना त्याच १३३१. रायझन ५ ५६०० त्या बोर्डात अलगद बसतो आणि बायोस अपडेट केलेलं असेल तर झकास चालतो. नसेल तर काळी स्क्रीन.

उलट दिशेचा सापळा कमी लोकांना माहीत असतो. बी५५० हा त्यानंतरचा चिपसेट, म्हणजे सगळे जुने रायझन त्यात चालतील, असं वाटतं. पण रायझन १००० आणि २००० मालिका बी५५०च्या यादीतच नाहीत. त्याहून फसवा प्रकार रायझन ३ ३२००जी आणि रायझन ५ ३४००जी यांचा. नावात तीन हजार असले तरी आतून ते आधीच्या पिढीचे आहेत, त्यामुळे रायझन ५ ३६०० ज्या बी५५०वर चालतो, तिथे ३२००जी अधिकृतपणे चालत नाही. प्रोसेसरच्या नावातला आकडा पिढी सांगतो यावर मी तेव्हापासून विश्वास ठेवणं सोडलं.

इंटेलकडे वेगळी तऱ्हा. एलजीए ११५१ या सॉकेटच्या एकाच नावाखाली प्रत्यक्षात दोन घरं आहेत. सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर, आठव्या-नवव्या पिढीचे ३०० मालिकेवर. प्रोसेसर कुठल्याही सॉकेटमध्ये आरामात बसतो, पण विजेच्या जोडण्या वेगळ्या आहेत आणि इथे बायोस अपडेट करूनही उपयोग नाही. पुढच्या एलजीए १२०० वर दहावी आणि अकरावी पिढी चालते, पण मूळ एच४१० आणि बी४६० चिपसेटवर अकरावी चालत नाही. एलजीए १७०० वर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या एकत्र नांदतात, फक्त ६०० मालिकेच्या जुन्या बोर्डाला तेराव्या-चौदाव्यासाठी नवं बायोस लागतं.

उपाय एकच आहे आणि तो पार्ट विकत घ्यायच्या आधी करायचा आहे. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं पान उघडा आणि चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी शोधा. प्रत्येक प्रोसेसरपुढे 'या बायोस आवृत्तीपासून' असा एक रकाना असतो. लोक नाव सापडलं की पान बंद करतात. वाचायचा तो रकाना. मॉडेलचं नावही शेपटासकट जुळवा, कारण 'प्लस', 'प्रो', 'व्ही२' किंवा बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली रिव्हिजन बदलली की यादी बदलू शकते.

बोर्ड आधीच हातात असेल आणि बायोस जुनं असेल, तरी मार्ग आहे. मागच्या पोर्टांजवळ फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. असेल तर प्रोसेसर न ओळखताही बायोस बदलता येतं. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे बदलायचं, खूण केलेल्याच यूएसबी पोर्टात लावायचा, चोवीस आणि आठ पिनांचे दोन्ही कनेक्टर जोडून बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकत असताना वीज जाणार नाही एवढं बघा. बटण नसेल तर त्या बोर्डावर चालणारा जुना प्रोसेसर तासाभरासाठी कुणाकडून तरी उसना आणावा लागतो. म्हणूनच दोन बोर्डांमध्ये मन अडकलं असेल तर मी डोळे झाकून फ्लॅशबॅकवाला घ्यायला सांगतो. रंगीत दिव्यांपेक्षा ते बटण जास्त कामाचं.

डीरॅमचा दिवा अडला, तर एकच रॅम ठेवा आणि ती प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन रॅमसाठी दुसरा आणि चौथा ही जोडी असते. पहिला-दुसरा भरणारे खूप भेटतात. त्यात मशीन चालू झालं तरी दोन्ही रॅम एकाच चॅनलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या एकाच वाटेवर जातात आणि वेग मारला जातो. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पिना २८८ असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जोर लावावा लागला तर तिथेच थांबा. एलजीए १७००चे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, बी६६० किंवा बी७६० एवढंच वाचून रॅम मागवू नका. एएम५ आणि एलजीए १८५१ या नव्या सॉकेटांवर मात्र फक्त डीडीआर५.

खरा फसवणारा प्रकार सर्व्हरच्या रॅमचा. वापरलेल्या मालात १६ किंवा ३२ जीबीची डीडीआर४ रॅम संशय यावा इतकी स्वस्त दिसते. लेबलवर 'रजिस्टर्ड' किंवा 'आरडीआयएमएम' असतं, किंवा वेगाच्या आकड्यामागे 'आर' अक्षर असतं. तिची खाच साध्या डीडीआर४च्याच जागी आहे, ती तुमच्या बोर्डात व्यवस्थित बसेल, कड्यासुद्धा लागतील. पण साधा डेस्कटॉप बोर्ड तिच्यावर चालू होणार नाही. बायोसच्या कुठल्याही सेटिंगने होणार नाही. डेस्कटॉपसाठी 'यूडीआयएमएम', म्हणजे साधी रॅम लागते.

चालत असलेलं मशीन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला छापील वेगावर चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू केल्यावर काळं पडलं, तर बायोसच्या सेटिंग पुसा. वीज काढून गोल सेल, तोच सीआर२०३२, पाचेक मिनिटं बाहेर ठेवा. मग एकेक पायरी कमी वेगावर लावून बघा. वेगवेगळ्या पाकिटांतल्या दोन रॅम एकत्र केल्या असतील तर पाकिटावर छापलेला वेग मिळेलच असं धरू नका.

व्हीजीएचा दिवा अडला तर आधी प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर वाचा. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल, जसं आय५-१२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५००० मध्ये उलटं आहे, 'जी' असेल तरच ग्राफिक्स आहे. ५६००जी मध्ये आहे, ५६०० आणि ५५०० मध्ये नाही. रायझन ७००० मध्ये बहुतेकांत थोडंफार ग्राफिक्स असतं, पण ७५००एफ मध्ये नाही. "कार्ड पुढच्या महिन्यात घेईन, तोवर बोर्डावरच्या एचडीएमआयवर चालवतो" म्हणणारे इथे अडकतात. बोर्डावर पोर्ट आहे म्हणजे चित्र येईल असं नसतं, ते चित्र प्रोसेसरमधून येतं.

जुना मॉनिटर वापरणाऱ्यांनी केबलकडेही बघावं. आताच्या कार्डांमधून निळ्या व्हीजीए केबलचा अॅनालॉग सिग्नल निघत नाही. नुसता आकार बदलणारा जोड चालत नाही, आत सिग्नल बदलणारी चिप असलेला अॅडॉप्टर लागतो. बाजूच्या, फक्त डिजिटल सिग्नल देणाऱ्या डीव्हीआय-डी पोर्टाला साधा जोड लावून तास घालवलेली माणसं मी पाहिली आहेत.

बूटचा दिवा म्हणजे खरं तर आनंदाची बातमी, मशीन जवळपास चाललं आहे. फक्त डिस्क दिसत नाही. थेट बोर्डावर बसणाऱ्या एम.२ एसएसडी दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई, आणि दोन्ही दिसायला सारख्याच पट्ट्या. दोन खाचांची बहुधा साटा, एका खाचेची बहुधा एनव्हीएमई. बहुधा म्हणतो, कारण अपवाद आहेत. स्लॉट फक्त एनव्हीएमई घेणारा असेल तर साटा एसएसडी त्यात स्क्रू लावून बसते आणि दिसत नाही. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखाद-दोन साटा पोर्ट बंद पडतात आणि लोक हार्डडिस्कला दोष देतात. मॅन्युअलमध्ये त्याचा तक्ता असतो. आणखी एक माझं आवडतं कोडं: बी५६० बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर लावला तर प्रोसेसरजवळचा, थेट त्यालाच जोडलेला एम.२ स्लॉट मेलेला वाटतो. त्या स्लॉटच्या चार लेन (डेटाच्या वाटा) अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये आहेत, दहाव्यात नाहीतच. एसएसडी दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवली की प्रश्न मिटतो.

जुन्या मशीनमधली विंडोज असलेली डिस्क तशीच लावली असेल तर ती एमबीआर या जुन्या मांडणीच्या पद्धतीची असू शकते. नवा बोर्ड फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होत असेल तर त्याला ती दिसते, पण त्यावरून सुरू करता येत नाही. विंडोज नव्याने टाकणं बरं.

चारही दिवे विझले, विंडोज आली, आणि गेम लावल्यावर दहा मिनिटांनी मशीन आपोआप रिस्टार्ट होतं? मग एसएमपीएसकडे वळा. हिशोब साधा आहे. आय५-१२४००एफ पूर्ण ताणावर ११७ वॅट घेतो, आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट, बाकी सगळ्याला पन्नासेक धरा. तीनशेच्या आसपास झालं, म्हणजे ५०० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरून उरतो. पण 'चांगला' हा शब्द महत्त्वाचा. डब्यावरचा मोठा आकडा सोडा, अंगावरच्या तक्त्यात १२ व्होल्टवर किती वॅट मिळतात ते वाचा. ५०० लिहिलेल्या जुन्या डब्यात १२ व्होल्टवर त्याहून पुष्कळ कमी निघू शकतात, आणि प्रोसेसर नि कार्ड जवळजवळ सगळं तिथूनच घेतात. '८० प्लस'चा शिक्का किती वीज वाया जाते ते सांगतो, पार्टांचा दर्जा नाही.

कार्डाच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या कनेक्टरमधून आणखी ७५, आठ पिनांच्या कनेक्टरमधून १५०. प्रोसेसरचा आठ पिनांचा आणि कार्डाचा आठ पिनांचा दिसायला भाऊ वाटले तरी त्यांत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना आहेत. जोर करून एकाच्या जागी दुसरा लावू नका. आणि मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसची केबल दुसऱ्या एसएमपीएसला कधीच लावू नका. डिस्कच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला कुठलंही प्रमाण नाही. मी एकदा ड्रॉवरमधली जुनी केबल लावली, अगदी व्यवस्थित बसली, आणि एक हार्डडिस्क गेली. त्या दिवसापासून प्रत्येक केबलला चिकटपट्टी लावून नाव लिहितो.

सगळं चालतं, पण अपेक्षेपेक्षा हळू? रॅम एकाच चॅनलवर असण्याचं वर आलंच. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरत असाल तर एका मोठ्या रॅमऐवजी दोन लहान घेतल्याचा फरक सर्वांत जास्त जाणवतो. दुसरं कारण कार्डाच्या लेनचं. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआयई ४.० च्या (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली जोडणी) फक्त चार लेन वापरतं. रायझन ५ ५५०० आणि ५६००जी हे दोन्ही प्रोसेसर पीसीआयई ३.० वर थांबतात, त्यामुळे या कार्डाचा रस्ता निम्मा होतो. कार्डाची मेमरीही ४ जीबीच, ती भरली की गेम अडखळायला लागतो. दोन्ही पार्ट यादीत 'चालतं' म्हणून दिसतात, आणि चालतातही. स्वस्त प्रोसेसर आणि स्वस्त कार्ड म्हणून हीच जोडी सगळ्यांना सुचते, हे दुर्दैव.

कूलरचं थोडक्यात. एलजीए १७००च्या छिद्रांमधलं अंतर ७८ मिलिमीटर आहे, १२०० आणि ११५१चं ७५. जुना कूलर तसाच बसवायचा प्रयत्न केला तर एक कोपरा उचललेला राहतो आणि प्रोसेसर तापून मंदावतो. त्यासाठी वेगळी पट्टी मागवा. एएम४चे बरेचसे कूलर एएम५ला बसतात, पण स्वतःची मागची प्लेट लावणारे बसत नाहीत. उंची कॅबिनेटच्या मापाशी आणि कार्डाची लांबी पुढच्या पंख्यापर्यंतच्या जागेशी ताडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

हे सगळं करूनही अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर "डिस्प्ले येत नाही" एवढंच सांगू नका. प्रोसेसरचं नाव शेवटच्या अक्षरासकट, बोर्डाचं मॉडेल रिव्हिजनसकट, रॅमच्या लेबलचा फोटो, एसएमपीएसच्या तक्त्याचा फोटो, आणि कोणता दिवा लागून राहतो ते सांगा. बायोसची आवृत्ती बहुधा बोर्डावरच्या चिपच्या किंवा खोक्याच्या स्टिकरवर सापडते, तिचाही फोटो काढा. मला फोन करणाऱ्यांतले निम्मे हे फोटो जमवता जमवताच म्हणतात, "थांबा, सापडलं."